जिंजरब्रेडचं घर: खुसखुशीत नको, कडक हवं

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला, नाताळसाठी जिंजरब्रेडचं घर, म्हणजे सुंठ-गुळाच्या कडक बिस्किटांच्या भिंती आणि छप्पर जोडून केलेलं छोटं घर, करायला घेतलं की इंदूरमधल्या आमच्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. "छप्पर घसरलं, आता काय करू?" वेळ बहुतेक संध्याकाळची असते, मागे एखादं पोर रडत असतं. मी एकच विचारते, भिंती कधी भाजल्या? उत्तरही ठरलेलं असतं: "आज सकाळी."

जिंजरब्रेडचं घर एका दुपारचं काम नाही. पीठ एका रात्री, भाजणं दुसऱ्या दिवशी, उभारणी तिसऱ्या दिवशी आणि सजावट त्यानंतर. हात लागतात थोडेच तास, बाकी सगळं थांबणं आहे, आणि गडबड होते ती याच थांबण्याच्या वेळात.

दुसरं कारण आपल्या हाताच्या सवयीचं. दिवाळीत नानकटाई, शंकरपाळे, करंज्या करणारा हात मोहन सढळपणे घालतो, कारण पदार्थ तोंडात विरघळायला हवा. भिंत विरघळून चालत नाही. तुपाच्या पिठाची भिंत चवीला छान लागते आणि छपराचं वजन पडलं की मधोमध तुटते. माझं पहिलं घर असंच बसलं होतं. सासूबाई त्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "घर बांधलंस का भेळ केलीस?"

१. दिवस ठरवा, मग सामान आणा

शनिवार-रविवारी मुलांसोबत करायचं असेल तर आखणी अशी ठेवा. गुरुवारी रात्री पुठ्ठ्याचे साचे आणि पीठ. शुक्रवारी भाजणं. शनिवारी सकाळी भिंती आडव्या ठेवून सजवणं, दुपारी त्या उभ्या करणं, रात्री छप्पर. रविवारी उरलेली सजावट.

एका मध्यम घरासाठी पिठाचं सामान:

- मैदा ६०० ग्रॅम, शिवाय लाटताना लावायला थोडा
- बटर १५० ग्रॅम
- चिरलेला गूळ २०० ग्रॅम
- काकवी १५० ग्रॅम
- पाणी ४ मोठे चमचे
- सुंठपूड १ मोठा चमचा, दालचिनीपूड २ लहान चमचे, लवंगपूड अर्धा लहान चमचा
- खायचा सोडा अर्धा लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा (बटर खारं असेल तर मीठ नको)

परदेशी कृतींत मोलॅसिस असतं, आपली काकवी तिथे चपखल बसते. ती मिळाली नाही तर १३० ग्रॅम जास्तीचा गूळ ३ मोठे चमचे पाण्यात विरघळवून घ्या. मसाले मी इंदूरच्या सियागंज बाजारातून अख्खे आणून घरीच दळते. सुंठ मात्र दोनदा चाळावी लागते, तिचे धागे लाटताना मध्ये येतात आणि काप फाटतो.

बेकिंग पावडर यादीत मुद्दामच नाही. फुगलेल्या भिंतीच्या कडा गोल होतात आणि गोल कडा एकमेकींना चिकटत नाहीत. सोडाही अर्ध्या चमच्याच्या वर नेऊ नका.

२. आधी पुठ्ठ्याचं घर

ही पायरी सगळे गाळतात. मिठाईच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या आणि हे तुकडे कापा:

- पुढची आणि मागची भिंत: रुंदी १२ सेंमी, बाजूंची उंची १० सेंमी, त्यावर ५ सेंमी उंचीचा त्रिकोण, म्हणजे आढ्यापर्यंत एकूण १५ सेंमी
- बाजूच्या भिंती, दोन: १५ सेंमी लांब, १० सेंमी उंच
- छपराच्या पाख्या, दोन: १८ सेंमी लांब, १० सेंमी रुंद

त्रिकोण याहून उंच करायचा मोह होतो, चित्रातली घरं तशीच टोकदार असतात. पण उतार जितका उभा तितकी पाखी घसरण्याची शक्यता जास्त. पहिल्या घराला ५ सेंमी पुरे.

दार आणि खिडक्याही पुठ्ठ्यावरच कापा. खिडकी कडेपासून निदान अडीच सेंमी आत हवी, नाहीतर भिंतीचा तेवढा भाग भाजताना तुटतो.

*तपासा:* सहाही तुकडे सेलोटेपने जोडून घर उभं करा. बाजूच्या भिंती पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये बसल्या पाहिजेत, बाहेरून चिकटवायच्या नाहीत. पाख्यांची वळचण दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर यायला हवी. पुठ्ठ्याचं घर डुगडुगलं तर खाण्याचंही डुगडुगणार. चूक इथे सापडली तर फक्त पुठ्ठा वाया जातो.

हे काम आठ-दहा वर्षांच्या मुलांना द्या. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना मापाचं महत्त्व सांगावं लागत नाही. आमच्या धाकट्याने इंदूरचा सात मजली राजवाडा करायचा हट्ट धरला होता. त्याला म्हटलं, सात मजले पुढच्या वर्षी, यंदा एकच.

३. पीठ मळणं

गूळ, काकवी, पाणी आणि बटर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळला की लगेच उतरवा. उकळी आणायची नाही, पाक करायचा नाही. आपला हात इथेही सवयीने तार बघायला जातो. पाक झाला तर पीठ गार झाल्यावर दगड होतं आणि लाटता येत नाही.

मिश्रण गाळून घ्या, गुळात काय काय निघतं ते गाळणीत दिसेलच. कोमट झाल्यावरच सोडा घाला. थोडा फेस येईल, तो यायलाच हवा. मग मैदा, मसाले आणि मीठ एकत्र चाळून दोन-तीन वेळा करून मिसळा.

नानकटाईचं पीठ आपण हलक्या हाताने फक्त गोळा करतो. हे मात्र तीन-चार मिनिटं नीट मळायचं, पुरीच्या कणकेसारखं. पीठ गुळगुळीत व्हायला हवं. गोळा चिरत असेल तर चमचाभर दूध घाला, एका वेळी एकच चमचा.

दोन चपट्या चकत्या करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर निदान दोन तास.

*इशारा:* बटरऐवजी तूप घालू नका. बटरमध्ये थोडं पाणी असतं, तुपात नसतं, आणि तुपाचं पीठ नानकटाईसारखं भुसभुशीत होतं. बटरचं प्रमाणही वाढवू नका.

४. लाटणं आणि कापणं

पीठ फ्रिजमधून काढून २० मिनिटं बाहेर ठेवा. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: बटर पेपरवरच लाटा, तिथेच कापा आणि कागदासकट ट्रेवर सरकवा. ओट्यावर लाटून काप उचलायला गेलात की १५ सेंमीचा काप १६ चा होतो आणि त्याचे कोपरे तिरपे होतात. मग घर बसत नाही म्हणून आपण आयसिंगला दोष देतो.

जाडी सारखी यावी म्हणून पिठाच्या दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल ठेवा. साधी पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते. लाटणं तिच्यावर टेकलं की पीठ आणखी पातळ होत नाही. मध्ये फुगीर असलेलं पोळीचं लाटणं इथे नको, सरळ हवं. ते नसेल तर काचेची सरळ बाटली चालते.

साचा वर ठेवून धारदार सुरीने सरळ दाबत कापा, ओढत नेऊ नका. कापांच्या मधलं जास्तीचं पीठ सोलून काढा आणि काप जागेवरच राहू द्या. दार कापून निघालेला तुकडाही भाजून ठेवा, तो नंतर उघडा चिकटवला की घरात कुणीतरी राहतंय असं वाटतं.

भाजण्याआधी ट्रे १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. जागा नसेल तर फ्रिजमध्ये अर्धा तास.

५. भाजणं, आणि गरम असतानाच छाटणं

ओव्हन १७० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. खालचा आणि वरचा दोन्ही रॉड सुरू, ट्रे मधल्या कप्प्यात. भिंतींना १५ ते १८ मिनिटं लागतात, पाख्यांना एखाद-दोन मिनिटं जास्त. लहान आणि मोठे काप एकाच ट्रेमध्ये ठेवू नका, दार करपेल आणि भिंत कच्ची राहील. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवरच भाजा.

खिडकीला काच हवी असेल तर पारदर्शक कडक गोळ्या जाडसर कुटून घ्या. दुधाच्या टॉफ्या किंवा आत सारण भरलेल्या गोळ्या चालत नाहीत. भाजून व्हायला चार मिनिटं उरली की तो चुरा खिडकीच्या भोकात भरा. तो वितळून पसरतो आणि गार झाला की काच होते. पूर्ण गार होईपर्यंत भिंत कागदावरून उचलू नका. गोळ्या कुटण्याचं काम लहान मुलांचं: रुमालात बांधून द्या आणि कान बंद करा.

ट्रे बाहेर काढला की बसायचं नाही. भाजताना प्रत्येक काप थोडा पसरतोच. लगेच पुठ्ठ्याचा साचा गरम कापावर ठेवा आणि बाहेर आलेली कड सुरीने छाटून टाका. यासाठी तुमच्याकडे जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात, त्यानंतर काप कडक होतो आणि सुरी लावली की तडकतो. ज्यांची घरं सरळ उभी राहतात त्यांचं गुपित एवढंच. हे काम मोठ्यांनीच करायचं.

छाटायचं राहून गेलं? गार झाल्यावर बारीक किसणीने कड हळूहळू घासा. वेळ लागतो, पण जमतं.

*तपासा:* पूर्ण गार झालेला काप बोटाने वाजवा. टोस्टसारखा टक्क आवाज आला पाहिजे. आवाज बद्द आला किंवा काप किंचित वाकला, तर १५० अंशांवर आणखी आठ-दहा मिनिटं भाजा. काचेची खिडकी असलेला काप मात्र परत भाजताना कागदावर सपाटच ठेवा, काच पुन्हा वितळते.

आता रात्रभर जाळीवर उघडे राहू द्या. डब्यात भरू नका. बिस्किटं डब्यात ठेवायची, हीसुद्धा सवयच. बंद डब्यात आतली वाफ कडांकडे येते आणि भिंती मऊ पडतात.

घरी ओव्हन नसेल तर नानकटाईसारखे ट्रे बेकरीच्या भट्टीत देता येतात, पण तिथे उभं राहायची तयारी हवी. एका वर्षी मी ट्रे देऊन भाजी आणायला गेले. परत आले तोवर भिंतींचा कोळसा झाला होता. बेकरीवाल्याची चूक नव्हती, त्याला वाटलं जाड बिस्किटं आहेत, चांगली भाजून देऊ.

६. आयसिंग म्हणजे सिमेंट

केकवरचं क्रीम इथे उपयोगाचं नाही. वाळून दगड होणारं रॉयल आयसिंगच हवं. ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, ३ मोठे चमचे मेरिंग पावडर आणि ५ ते ६ मोठे चमचे कोमट पाणी. बीटरने सात ते दहा मिनिटं फेटा. पाणी एकदम ओतू नका, शेवटचा चमचा गरज पडली तरच.

मेरिंग पावडर म्हणजे बिनअंड्याची, हा समज चुकीचा आहे. ती मुळात वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्यापासूनच बनते. बिनअंड्याचीही मिळते, पण पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या, विशेषतः घरात आजी खाणार असतील तर. नाहीतर छोले शिजवलेलं पाणी आटवून दाट करा, गार करा आणि त्यातलं ६ मोठे चमचे फेस येईपर्यंत फेटून त्यात चाळलेली आयसिंग शुगर घाला. छोल्यांचा वास राहत नाही, लिंबाचे चार थेंब टाकले की उरलासुरलाही जातो. हे आयसिंग सावकाश वाळतं, म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्याला दीडपट वेळ धरा. ताज्या अंड्याचा कच्चा पांढरा भाग मी वापरत नाही, मुलं बोटं चाटतच असतात.

घरची पिठीसाखर वापरायची असेल तर मलमलच्या फडक्यातून गाळा. एक कण राहिला तरी आयसिंग भरायच्या कागदी कोनाचं तोंड बंद होतं, आणि मग कोन दाबताना तो मागून फुटतो.

*तपासा:* चमचा वर उचलून उलटा करा. टोक ताठ उभं राहिलं तर आयसिंग चिकटवायच्या कामाचं. टोक वाकलं तर ते फक्त नक्षीसाठी, त्यात आणखी साखर घाला.

भांड्यावर ओलं फडकं झाकून ठेवा, पाच मिनिटांत पापडी धरते. भरायला बटर पेपरचा कोन करा, मेंदीचा करतात तसाच. घरात कुणाला मेंदी काढता येत असेल तर कोन त्यांच्याच हाती द्या.

*इशारा:* भांडं किंवा बीटर तेलकट असेल तर आयसिंग फुगत नाही. आधी गरम पाण्याने धुऊन कोरडं पुसा.

इंटरनेटवर साखरेच्या गरम पाकाने भिंती चिकटवताना दाखवतात. काम पटकन होतं, पण तो पाक दीडशे अंशांच्या वर असतो आणि बोटाला चिकटला की सुटत नाही. मुलं आजूबाजूला असताना तो नकोच.

७. भिंती आडव्या असतानाच सजवा

उभ्या भिंतीवर जेम्सची गोळी चिकटवून बघा. ती घरंगळते, मूल ती दाबतं, भिंत आत जाते. म्हणून खिडक्यांच्या चौकटी, दाराभोवतीची वेल, भिंतीवरच्या गोळ्या हे सगळं भिंती टेबलावर आडव्या असतानाच उरका. फक्त कडेची एक सेंमी पट्टी चारही बाजूंनी कोरी ठेवा, तिथे सांधा येणार आहे. प्रत्येकाला एकेक भिंत दिली की भांडणंही होत नाहीत. दोन तास वाळू द्या.

८. भिंती उभ्या करणं

खाली हलणार नाही असा पाट किंवा प्लायचा तुकडा, निदान ३० सेंमी चौरस, फॉइलमध्ये गुंडाळलेला. नंतर ताटावरून पाटावर हलवू असं म्हणू नका, हललं की संपलं.

मागची भिंत आणि बाजूची एक भिंत आधी. तळाच्या कडेला आणि उभ्या कडेला जाड रेघ ओढा, जोडा, आतून आणि बाहेरून स्टीलचे पेले टेकवा. मग दुसरी बाजू, शेवटी पुढची भिंत. आतल्या कोपऱ्यांत आयसिंगची आणखी एकेक जाड रेघ भरा. ती बाहेरून दिसत नाही, पण घर तिच्यावरच उभं असतं. आत बॅटरीचा दिवा ठेवायचा असेल तर तो आत्ताच ठेवा आणि त्याचं बटण दारातून हाताला येतंय ना ते बघा. मेणबत्ती नको.

पेले लावून निदान चार तास. हात लावायचा नाही, "जरा बघतो" हेही नाही.

९. छप्पर

पेले काढा आणि भिंत एका बोटाने हलकेच ढकला. हलली तर आणखी दोन तास.

भिंतींच्या वरच्या सगळ्या कडांवर आयसिंग घालून एक पाखी बसवा. तिच्या वळचणीखाली काडेपेट्या रचून टेकू द्या. मग दुसरी पाखी, तिलाही टेकू. दोघी आढ्यावर जिथे भेटतात तिथे जाड रेघ भरा आणि पाच मिनिटं हाताने धरून ठेवा, घड्याळ बघून. टेकू रात्रभर राहू द्या.

एखादी भिंत इथे तडकली तर घाबरू नका. आतून आयसिंग लावून एक लांबट बिस्किट आडवं चिकटवा आणि बाहेरच्या चिरेवरून वेल काढा.

१०. उरलेली सजावट

इथे फार सांगण्यासारखं नाही, मुलांना करू द्या. वरच्या बाजूने खाली या, म्हणजे ओघळ झाकले जातात. कौलांसाठी लहान गोल बिस्किटं वळचणीकडून आढ्याकडे रांगेने लावा, खऱ्या कौलांसारखी एकावर एक. कुंपणाला साखर लावलेली बडीशेप, झाडांना हिरव्या रंगाचं खोबरं, पायवाटेला चारोळ्या. बर्फासाठी मला सगळ्यात आवडतो तो आपला काटेरी हलवा. संक्रांतीचा हलवा डिसेंबरअखेरीपासून दुकानांत दिसायला लागतो. वळचणीच्या ओल्या आयसिंगवर एकेक दाणा चिमट्याने ठेवत गेलं की थिजलेल्या थेंबांची झालर होते. दागिने करणाऱ्या बायकांना हे काम सांगावं लागत नाही.

शेव लावू नका. इंदुरात राहून हे लिहिताना जिवावर येतं, पण एकदा मुलांनी गवताचं छप्पर म्हणून लसूण शेव लावली होती. दुसऱ्या सकाळी तिचं तेल आयसिंगमध्ये उतरलं होतं, पांढऱ्यावर पिवळे डाग, आणि दुपारपर्यंत छपराची निम्मी शेव खाली. जे तेलकट ते आयसिंग सोडवतं: शेव, तळलेले काजू, चिवड्यातलं काहीही.

घर ठेवायचं कुठे

मुंग्या पहिल्याच रात्री येतात. पाट एका उलट्या वाटीवर ठेवा आणि वाटी पाण्याने भरलेल्या परातीत. पाट परातीच्या काठाला टेकता कामा नये, नाहीतर पूल तयार होतो. परातीतलं पाणी रोज बघा.

डिसेंबरात माळव्याची कोरडी हवा या घराला मानवते. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडला तर मात्र हवा दमट होते, भिंती ओलावा शोषतात आणि छप्पर मधोमध खाली बसायला लागतं. अशा दिवशी घर स्वयंपाकघरातून हलवा, कुकरची वाफ त्यात भर घालते. पंख्याखाली ठेवा, फ्रिजमध्ये कधीच नाही.

खायचं असेल तर आठवड्याच्या आत फोडा, तोवर धूळ बसू नये म्हणून रात्री वरून पातळ मलमल टाका. फोडण्यासाठी खलबत्त्यातला बत्ता लागतो, हाताने तुटत नाही. तुकडे चहात बुडवून एक ते दहा मोजा, मगच चावा.